दिवेलागणीला येतो तो

"लवकर या, हमिंगबर्ड आलाय,"
किणीबाईंचा फोन, सकाळी सात दहाला.
माझ्या तोंडात पेस्टचा फेस,
म्हणून भांडता आलं नाही.
नाहीतर तिथल्या तिथे सांगणार होतो,
बाई, तो ह्या अर्ध्या जगात नाहीच,
समुद्रापलीकडचा रहिवासी,
मुलुंड पूर्वेला कशाला तडमडेल?

पण त्यांच्या ऋत्विजने टूसॉनहून पाठवलेला
एक व्हिडिओ आहे: लाल बाटलीसमोर
हवेत टांगलेला अंगठ्याएवढा जीव,
मान वळवली की गळा जांभळा पेटतो.
तो त्यांनी इस्त्रीवाल्यालाही दाखवलाय.

पंपाच्या खोलीशेजारी हमेलिया.
ऑक्टोबर. सातलाच पाठ ओली.
शिंजीर होता. अर्थात.
नर, पण विणीचा झगा उतरवून ठेवलेला:
पिवळट पोट, आणि हनुवटीपासून खाली
शाईचं बोट ओढल्यासारखी एक रेघ.
"बघा, बसून पितोय," मी म्हटलं,
"तुमचा तो अधांतरी पितो."
आणि वहीत लिहिलं: जांभळा शिंजीर, नर, एक.

बाईंनी पदराने चष्मा पुसला.
"हा नव्हे हो. ह्याला मी ओळखते,
ह्याची बायको माझ्या ग्रिलची कोळिष्टकं नेते घरट्याला.
तो दुसरा.
दिवेलागणीला येतो."

मग स्टूल, मच्छरांची उदबत्ती,
आणि मुनेश्वर वॉचमन, ज्याला मी
टॉर्च विझवायला तीनदा सांगितलं.
पहिल्या संध्याकाळी कुणी नाही.
दुसऱ्या संध्याकाळी टँकर आला, आणि कुणी नाही.
तिसऱ्या संध्याकाळी आधी आवाज आला,
टेबलफॅनच्या जाळीत कागद अडकावा तसा, बारीक.
मग तो. फुलासमोर, हवेत,
कुठेही न टेकता,
एका नळीतून दुसरीत, मागे सरकून, जरा तिरपा,
आणि मी, तीस वर्षं पक्ष्यांच्या वह्या भरलेला माणूस,
खरं सांगतो,
क्षणभर जगाचा नकाशा विसरलो.
बोटाला बटण सापडेना.

एकेचाळीस फोटो.
चाळिसांत हमेलिया, आणि तिच्यापुढे
कुणीतरी नुकतंच निघून गेल्याचा धूर.
एकेचाळिसाव्यात
दोन मिशा. पोटाशी दुमडलेले पाय.
आणि चोच नव्हे, सोंड,
जवळजवळ अंगाएवढी लांब, फुलात बुडालेली.
पतंग.

जिन्याच्या पायरीवर बसून त्यांना दाखवला, मोठा करून.
सगळं सांगितलं. आणि उगाच, बरं वाटावं म्हणून,
हेही सांगितलं की हमेलिया मूळ तिकडचीच,
ती लाल नळी त्याच चोचीसाठी घडलेली,
आपला शिंजीर कधी कधी देठाशी भोक पाडून
चोरून पितो.

बाई बराच वेळ मिशांकडे पाहत राहिल्या.
"म्हणजे झाड ज्याची वाट बघतंय
तो येणारच नाही."
मी म्हटलं, फुलं वाट बघत नाहीत, किणीबाई,
फुलं फक्त फुलतात.
हे बोलून झाल्यावर मला ते आवडलं नाही.
त्यांनाही नसावं.
"चोरून काय त्यात," त्या म्हणाल्या,
"दारात आलेल्याने प्यावं."

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.
"फोटो पाठवा मला. कापू नका हां.
मागची पंपाची खोली दिसू दे,
तिच्यावरचं 'पाणी जपून वापरा' ऋत्विजने रंगवलंय,
आठवीत असताना.
वा-चा काना बघा कसा वाकडा."

पाठवला. त्यांनी खाली काय लिहून
पुढे धाडला, विचारलं नाही.

वहीत पक्ष्यांच्या रकान्यात पतंगाला जागा नसते.
समासात लिहिला, पेन्सिलीने:
सहा चाळीस. हमेलिया. एक.
न टेकता.